पाव कशाचा? शेकडा कशाचा?

गेल्या हिवाळ्यात आम्ही आठवीच्या वर्गास घेऊन पाचाडास गेलो होतो. पाचाड हे रायगडाच्या पायथ्याचे गाव. महाडाहून ते सुमारे २५ किलोमीटरांवर आहे. गडावरचा वारा व गारठा वृद्धपणी मानवेना म्हणून शिवाजी महाराजांनी मातोश्री जिजाबाईंसाठी येथे वाडा बांधिला. ६ जून १६७४ रोजी गडावर राज्याभिषेक झाला, आणि त्यानंतर अकराच दिवसांनी, १७ जून रोजी, मातोश्रींनी ह्या गावी देह ठेविला. समाधीचे दर्शन घेऊन व वाड्याचे अवशेष पाहून आम्ही गडाची वाट धरिली, तो वाटेत एक वृद्ध बाई ताक विकीत बसलेल्या दिसल्या. ऊन चढले होते. मुलांनी त्यांच्याभोवती गराडा घातला.

पेल्यास पंधरा रुपये असा भाव होता. सर्व मिळून तेवीस पेले झाले. एका विद्यार्थ्याने तत्परतेने वही काढून गुणाकार मांडिला आणि "एकशे अडतीस रुपये" असे मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले. आजीबाई हसल्या व म्हणाल्या, "दहा पेल्यांचंच दीडशे होतात की रे पोरा! तेवीस दिढं साडेचौतीस. तीनशे पंचेचाळीस दे." आमच्या विद्यार्थ्याने पाचाने गुणून ११५ व एकाने गुणून २३ ह्या दोन ओळी बरोबर काढिल्या होत्या, परंतु दुसरी ओळ एक घर डावीकडे सरकवावयाची, हे तो विसरला होता. आजीबाईंनी पंधराला दिडाची दहापट मानिले, दिडकीचा पाढा म्हटला आणि उत्तर दहापट केले. शिवाय, येणारे उत्तर दीडशेच्या आत असूच शकत नाही, हे त्यांनी हिशेब करण्यापूर्वीच ताडिले होते.

इतक्यात दुसरा एक विद्यार्थी म्हणाला, "आजी, आम्ही इतके जण आहोत, दहा टक्के तरी सोडा." आजीबाईंनी ताकाचा हात थांबवून विचारिले, "दहा टक्के कशाचं? ताकाचं का पैशाचं?"

सगळी मुले खदखदून हसली. आम्हांस मात्र तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. दहा पेल्यांचे दीडशे रुपये होतात. पैशांत दहा टक्के सोडिले तर १३५ रुपये द्यावे लागतील, म्हणजे पेला साडेतेरा रुपयांस पडेल. ताकात दहा टक्के वाढवून दिले तर दीडशे रुपयांत अकरा पेले मिळतील. दीडशेस अकराने भागिले असता पेला १३ रुपये ६४ पैशांच्या आसपास पडतो. म्हणजे दोन्ही ठिकाणी 'दहा टक्के' हेच शब्द असले तरी सवलत सारखी नाही. पैशांतील सूट पुरती शेकडा १० आहे. ताकातील सूट अकरावा हिस्सा, म्हणजे शेकडा ९ हून किंचितच अधिक आहे. आजीबाईंनी हे आकडे मांडिले नव्हते. पण जो प्रश्न विचारावयाचा तो त्यांनी नेमका विचारिला होता. आजचा आमचा धडा ह्या एका प्रश्नाचा आहे.

अंश आणि पूर्ण

अपूर्णांक म्हणजे एखाद्या पूर्ण वस्तूचा अंश, ही व्याख्या तुम्ही सर्वजण पाठ म्हणता. परंतु उदाहरण सोडविताना अंशाकडे जितके लक्ष देता तितके पूर्णाकडे देत नाही. 'पाव' हा शब्द एकटा उच्चारिला तर तो थोडाही नाही व फारही नाही. पाव किलो साखर मुठीत मावते. पाव क्विंटल भात डोक्यावर घ्यावे लागते. 'शेकडा ५' ही गोष्ट परीक्षेच्या गुणांत क्षुल्लक वाटेल. तीच दरमहाच्या व्याजात घर बुडवील. यास्तव कोणताही अपूर्णांक किंवा शेकडा दिसला की पेन्सिल उचलण्यापूर्वी विचारावे : कशाचा?

आपल्या मराठी भाषेने हा प्रश्न संख्यांच्या नावांतच गोवून ठेविला आहे. पाव म्हणजे पाद, चौथा भाग. पाऊण म्हणजे पादोन, एकाला पावाने उणे. सव्वा म्हणजे सपाद, पावासह एक. साडे म्हणजे सार्ध, अर्ध्यासह. अडीच हा शब्द अर्धतृतीय ह्या संस्कृत शब्दापासून आला. दोन पुरे आणि तिसरा अर्धा, असा त्याचा अर्थ. त्याच रीतीने साडेतिनास जुन्या काळी औट म्हणत, आणि औटकीचा पाढा मुलांकडून म्हणवून घेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे ज्यांनी घोकिले, त्यांस बाजारात कागद लागत नसे.

आता पुढील नावे लक्षपूर्वक वाचा. सव्वातीन म्हणजे ३ आणि १/४. परंतु सव्वातीनशे म्हणजे ३२५. येथे 'सव्वा' ह्या शब्दाने २५ मिळविले. सव्वातीन हजार म्हणजे ३,२५०. येथे त्याच शब्दाने २५० मिळविले. शब्द एकच असता किंमत का बदलली? पहिल्या ठिकाणी तो एकाचा पाव आहे, दुसऱ्या ठिकाणी शंभराचा, तिसऱ्या ठिकाणी हजाराचा. मराठी बोलणारे लहान मूलही 'सव्वातीनशे' ऐकून सव्वातीनशेच समजते. म्हणजे ज्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही बोलताना न चुकता देता, त्याच प्रश्नाचे उत्तर वहीत मात्र चुकविता.

जुन्या वह्यांत हे अंश उभ्या रेघांनी लिहीत. एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. १। हे सव्वा, ४॥ हे साडेचार, २॥। हे पावणेतीन. कोणाच्या घरी आजोबा-पणजोबांच्या हिशेबाच्या वह्या असतील तर त्या एकदा उघडून पाहा, वाचता येतील. त्या काळी रुपयाचे सोळा आणे होते. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले. पुढे चार आण्यांचे, म्हणजे २५ पैशांचे, नाणेही ३० जून २०११ नंतर चलनातून गेले. तरीही 'सोळा आणे खरे' असे आपण म्हणतोच. सोळा आणे म्हणजे शेकडा शंभर, बारा आणे म्हणजे शेकडा पंचाहत्तर. आपल्या पूर्वजांची ती शेकडेवारीच होती, केवळ पूर्ण शंभराचे नसून सोळाचे होते. पिकाचा अंदाज ते आणेवारीने करीत. आता पैसेवारीने करितात. गावाची पैसेवारी ४० आली म्हणजे प्रत्येक शेतकऱ्यास चाळीस पैसे मिळाले असे नव्हे; चांगल्या वर्षी जितके पीक यावयाचे त्याच्या शंभर भागांपैकी चाळीस भागच आले, असा त्याचा अर्थ.

वाट्याचा वाटा

पाचाडास उभे राहून अपूर्णांकांचा विचार करावयाचा तर राज्याच्या वसुलाकडे पाहिलेच पाहिजे. कृष्णाजी अनंत सभासद यांनी राजाराम महाराजांच्या काळी जी बखर लिहिली, तीत शिवकालीन जमाबंदीची माहिती आहे. पिकाचे पाच वाटे करावे, तीन रयतेस द्यावे व दोन सरकारात घ्यावे, असा तो नियम होता.

उदाहरण पहिले. एका शेतात २० मण भात झाले. वरील नियमाने सरकारचा वाटा किती व रयतेचा किती? शेकडेवारी सांगा.

रीत : पूर्ण २० मण. पाचवा भाग ४ मण. सरकारचे दोन भाग ८ मण, रयतेचे तीन भाग १२ मण. दोन-पंचमांश म्हणजे शंभरात चाळीस. म्हणून सरकारचा वाटा शेकडा ४० व रयतेचा शेकडा ६०.

हे सोपे झाले. आता अंशाचाही अंश काढावयाचा प्रसंग पाहा. १७१९ साली दिल्लीहून मराठ्यांस दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या व सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा भाग. सरदेशमुखी म्हणजे दहावा भाग. दोन्ही एकाच वसुलाचे अंश असल्यामुळे त्यांची बेरीज करिता येते : ५/२० व २/२० मिळून ७/२०, म्हणजे शेकडा ३५.

ह्या चौथाईची पुढे वाटणी अशी होई : शेकडा २५ बाबती राजाची, शेकडा ६ सहोत्रा, जो पंत सचिवांकडे असे, शेकडा ३ नाडगौडा, आणि उरलेला शेकडा ६६ ऐन मोकासा. हे सर्व मिळून १०० होतात.

उदाहरण दुसरे. मूळ वसूल १०० रुपये असता बाबती किती? सहोत्रा किती?

बहुतेक विद्यार्थी झटकन सांगतात : बाबती २५ रुपये, सहोत्रा ६ रुपये. हे चूक आहे. तसे मानिले तर चारही बाबी मिळून मूळ वसूल सबंध संपेल! येथे 'शेकडा २५' हे वसुलाचे नव्हेत, चौथाईचे आहेत. आणि चौथाई २५ रुपयांचीच आहे. म्हणून बाबती पंचविसाचा पाव, ६। रुपये. सहोत्रा पंचविसाचे शेकडा ६, म्हणजे १॥ रुपया. नाडगौडा पाऊण रुपया. ऐन मोकासा १६॥ रुपये. पडताळा पाहा : सव्वासहा, दीड, पाऊण आणि साडेसोळा मिळून बरोबर पंचवीस. पावाचा पाव म्हणजे सोळावा भाग, हे रीतीने सांगण्यापेक्षा ह्या वाटणीने अधिक चांगले ध्यानात राहील. अंशाचा अंश काढावयाचा तेथे गुणाकार. एकाच पूर्णाचे अंश एकत्र करावयाचे तेथे बेरीज. ह्या दोहोंत जो गोंधळ करितो, तो 'कशाचा?' हे विचारावयास विसरलेला असतो.

आता आपल्या कोकणातील एक दुःखाचा हिशेब सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. खोतीच्या काळी जे कूळ पिकाचा अर्धा हिस्सा खोतास देई त्यास अर्धेल म्हणत, आणि तिसरा हिस्सा देई त्यास तिर्धेल. 'अर्धा' हा शब्द कानांस किती न्यायाचा वाटतो! निम्मे तुझे, निम्मे माझे. परंतु विचारा : अर्धा कशाचा?

उदाहरण तिसरे. एका कुळास २० मण भात झाले. बियाणे, बैल व मजुरी ह्यांस ४ मण भाताइतका खर्च आला, व तो सर्व कुळानेच सोसला. खोतास अर्धा हिस्सा दिला. कुळास काय उरले?

रीत : अर्धा हिस्सा एकंदर पिकाचा घेतला तर १० मण खोतास गेले. कुळाच्या १० मणांतून खर्चाचे ४ मण वजा जाता ६ मण उरले. म्हणजे नाव अर्ध्याचे, पण कुळाच्या पदरात शेकडा ३०. आता, खर्च आधी काढून उरलेल्या १६ मणांचा अर्धा केला असता तर कुळास ८ मण, म्हणजे शेकडा ४०, मिळते. दोन मणांचा हा फरक 'कशाचा?' ह्या एका शब्दात दडलेला होता.

हे केवळ वहीतील गणित नव्हे. आपल्याच जिल्ह्यात, अलिबागेजवळील चरी गावी, नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ पर्यंत संप केला व जमिनी पडीक ठेविल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडिले. शेवटी १९४९ साली खोती रद्द करण्याचा कायदा झाला. इतिहासात हे सर्व तुम्ही वाचता. त्याच्या मुळाशी आठवीच्या वर्गातला एक अपूर्णांक होता, हेही ध्यानात असू द्या.

व्याजाचा शेकडा

व्याजाची उदाहरणे फार जुनी आहेत. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' ह्या ग्रंथात (११५०) शंभरास दरमहा पाच असा दर देऊन सोळांचे एका वर्षाचे व्याज विचारिले आहे. तेथे ग्रंथकर्त्याने 'दरमहा' हे स्पष्ट सांगितले आहे. महिन्यास शंभरावर ५ म्हणजे वर्षास ६०. म्हणून सोळांचे व्याज ९ पूर्णांक ३/५. हेच ५ जर कोणी वर्षाचे समजला तर त्याचे उत्तर बाराव्या हिश्शाने, म्हणजे ४/५ इतकेच, येईल.

आता जी गोष्ट सांगतो ती सांगताना आम्हांस स्वतःचीच लाज वाटते. काही वर्षांपूर्वी गडाखालच्या एका वाडीतील विद्यार्थी आमच्या वर्गात होता. अंकगणितात तो नेहमी पहिला येई. व्याजाच्या प्रकरणात आम्ही त्यास पैकीच्या पैकी गुण दिले होते. त्याच वर्षी त्याच्या वडिलांनी घराचे छप्पर शाकारण्यासाठी ३०,००० रुपये 'शेकडा दोन'ने कर्जाऊ घेतले. वर्षाअखेर ६०० रुपये व्याज द्यावयाचे, असे समजून त्या भल्या गृहस्थांनी भात विकून ६०० रुपये बाजूस काढून ठेविले. देणाऱ्याने मागितले ७,२०० रुपये. दोन रुपये वर्षाचे नव्हते, महिन्याचे होते. दुभती म्हैस विकावी लागली. आम्ही त्या मुलास जवळ घेऊन विचारिले, "बाळा, तुला तर ही उदाहरणे तोंडपाठ येतात, वडिलांना सांगितले का नाहीस?" तो खाली मान घालून म्हणाला, "सर, पुस्तकात द.सा.द.शे. असं लिहिलेलं असतं. बाबांच्या कागदावर नुसतं शेकडा दोन होतं."

त्याच्या उत्तरात आमचा दोष आम्हांस दिसला. दर साल दर शेकडा ही अक्षरे आम्ही त्यास वाचावयास शिकविली होती. ती जेथे नाहीत तेथे विचारावयास शिकविले नव्हते. सूत्रात मुद्दल, दर व मुदत भरून उत्तर काढणे हे अर्धेच गणित. बाहेरच्या जगात मुद्दल, दर व मुदत ही कोणी आयती देत नाही; ती विचारून घ्यावी लागतात. ह्या धड्याचा संकल्प त्या दिवशीच्या आमच्या लाजेतून झाला आहे.

धान्याच्या कर्जासही पूर्वी असेच दर असत. पेरणीच्या वेळी नेलेले भात कापणीनंतर सव्वापट परत करणे ही सवाई. दीडपट परत करणे ही दिढी. सवाई म्हणजे शेकडा २५. परंतु हे वर्षाचे नव्हेत, पाच-सहा महिन्यांचे. वर्षाच्या मानाने ते शेकडा ५० हून कमी भरत नाहीत. ह्यामुळेच शिवाजी महाराजांनी १६७६ साली प्रभावळीच्या सुभेदारास लिहिलेल्या पत्राचे मोल वाटते. ज्या कुळाजवळ बैल, बियाणे नाही त्यास ते द्यावे, आणि वाढीदिढी न घेता केवळ मुद्दल, तेही त्याच्या ऐपतीप्रमाणे हळूहळू, वसूल करावे, असा त्या पत्राचा आशय आहे. शेकडा शून्य हाही एक दर आहे, आणि राज्यकर्त्याने तो जाणूनबुजून निवडिला होता.

उदाहरण चौथे, विशेषतः पालकांसाठी. एक वस्तू हप्त्याने घेण्याकरिता १२,००० रुपये कर्ज काढिले. 'सरळ शेकडा १२' असे सांगून वर्षाचे व्याज १,४४० रुपये मिळविले व एकूण १३,४४० रुपयांचे १,१२० रुपयांप्रमाणे बारा मासिक हप्ते पाडिले. खरा दर किती?

रीत : प्रत्येक हप्त्यात १,००० रुपये मुद्दलाचे आहेत असे धरू. तर पहिल्या महिन्यात आपणांकडे १२,००० रुपये होते, दुसऱ्या महिन्यात ११,०००, आणि शेवटच्या महिन्यात केवळ १,०००. बारा महिन्यांची सरासरी काढिली तर ती ६,५०० रुपये येते. म्हणजे आपण वर्षभर सरासरी साडेसहा हजार वापरिले आणि व्याज मात्र पुऱ्या बारा हजारांचे दिले. १,४४० हे ६,५०० चे शेकडा २२ हून थोडे अधिक होतात. बारा शेकडा हे खोटे नव्हते. परंतु ते फेडून झालेल्या रकमेचेही होते.

चढ आणि उतार

पुढील प्रश्न आम्ही दरवर्षी वर्गात विचारितो, आणि दरवर्षी निम्म्याहून अधिक मुले फसतात. तांदळाचा भाव किलोस ४० रुपये होता. तो शेकडा २५ ने चढला. पुढे शेकडा २५ ने उतरला. आता भाव काय? 'चाळीसच!' असा घोष होतो. परंतु पाहा : चढताना पाव हा चाळिसाचा होता, १० रुपये, भाव ५० झाला. उतरताना पाव हा पन्नासाचा आहे, १२॥ रुपये. भाव ३७॥ झाला. मूळ भावावर परत यावयाचे तर १० रुपयेच उतरले पाहिजेत, आणि पन्नासात दहा म्हणजे शेकडा २०. चढताना पाव, उतरताना पाचवा भाग. कारण मधल्या काळात पूर्णच बदलले.

रीत

ह्या सर्व उदाहरणांवरून पुढील चार पायऱ्या ध्यानात ठेवाव्या.

पहिली : उदाहरणात जेथे जेथे अपूर्णांक किंवा शेकडा आला असेल, तेथे तो कशाचा हे शब्दांत लिहावे, काळाचा संबंध असेल तर महिन्याचा की वर्षाचा हेही लिहावे.

दुसरी : सर्व परिमाणे सारखी करावी. पावणेदोन किलोंतून ३०० ग्रॅम वजा करावयाचे तर आधी १,७५० ग्रॅम लिहावे.

तिसरी : हिशेबाआधी अंदाज बांधावा. ताकाच्या आजीबाईंप्रमाणे, 'दहांचे दीडशे, तर तेविसांचे तीनशेंच्या वर' इतके तरी मनात म्हणावे.

चौथी : उत्तर आले की उलट जाऊन पडताळा पाहावा. वाट्यांची बेरीज पूर्णाइतकी झाली नाही तर कोठे तरी चूक आहे, हे निश्चित.

अभ्यासासाठी उदाहरणे

१. एका शेतकऱ्यास १८ क्विंटल भात झाले. ते भरडल्यावर वजनाने दोन-तृतीयांश तांदूळ उतरला. तांदळाचा पाव भाग घरी ठेवून बाकीचा विकला. किती क्विंटल तांदूळ विकला? तो मूळ भाताच्या वजनाचा कितवा भाग?

२. रायगडावरील बाजारपेठेत दोन रांगांत प्रत्येकी २२ दुकाने आहेत. आमच्या मुलांनी त्यांपैकी पाव दुकाने पाहिली. मग उरलेल्यांपैकी एक-तृतीयांश पाहिली. एकूण दुकानांचा कितवा भाग पाहावयाचा राहिला?

३. एका विद्यार्थ्यास सहामाहीत ६० पैकी ४५ व वार्षिक परीक्षेत ८० पैकी ५६ गुण मिळाले. प्रत्येक परीक्षेतील शेकडेवारी काढा. दोन्ही मिळून शेकडेवारी किती?

४. १,२०० रुपयांच्या वस्तूवर आधी शेकडा २० सूट व उरलेल्या किमतीवर पुन्हा शेकडा १० सूट मिळाली. काय द्यावे लागेल? एकूण सूट शेकडा किती?

५. २५,००० रुपये दरमहा शेकडा दीडने ८ महिन्यांसाठी घेतले. व्याज किती? दर साल दर शेकडा किती?

६. जुन्या मापांत २ चिपट्यांचे मापटे, २ मापट्यांचा शेर व ४ शेरांची पायली होई. चिपटे हे पायलीचे शेकडा किती? ह्या उत्तराचा आणि एका आण्याच्या पैशांचा संबंध काय?

उत्तरे : (१) ९ क्विंटल, अर्धा. (२) अर्धा. (३) ७५, ७०, मिळून ७२ पूर्णांक १/७, साडेबहात्तर लिहिणाऱ्याने पूर्ण कोणते ते पुन्हा पाहावे. (४) ८६४ रुपये, शेकडा २८. (५) ३,००० रुपये, १८. (६) ६।; चिपटे पायलीचा सोळावा भाग, तसा आणा रुपयाचा सोळावा भाग.

पालकांस विनंती

मुलांस गणिताची गोडी लागावी म्हणून फार काही करावे लागत नाही. बाजारात जाताना त्यांस बरोबर न्यावे, वाण्याची यादी त्यांच्याकडून बेरजावून घ्यावी, आणि घरात पाव-अर्धा-पाऊण हे शब्द बोलते ठेवावे. आजी-आजोबांस दिडकी-अडीचकी येत असेल तर ती मुलांनी त्यांच्याकडून शिकावी. तो ठेवा त्यांच्याबरोबर जाऊ देऊ नये. आणखी एक. कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो कागद घरातील शिकत्या मुलासमोर ठेवावा व त्यास विचारावे : हे शेकडा कशाचे, महिन्याचे की वर्षाचे, मूळ रकमेचे की उरलेल्या रकमेचे? सावकारी करणाऱ्यास परवाना असावा लागतो व व्याजाचा दर शासन ठरविते. महाराष्ट्रात त्यासाठी २०१४ चा कायदा आहे. परंतु कायद्याचे दार ठोठावण्यासही प्रथम हिशेब समजावा लागतो. मुलास उत्तर आले नाही तर त्याने दुसऱ्या दिवशी तो प्रश्न घेऊन आमच्याकडे यावे. त्या प्रश्नासाठी आम्ही कोणताही तास बाजूस ठेवू.

असो. त्या दिवशी पाचाडच्या वाटेवर काय झाले ते सांगून हा लेख पुरा करितो. आम्ही आजीबाईंस पुरते ३४५ रुपये दिले. त्यांनी ते मोजून कनवटीस लाविले आणि मागे राहून धापा टाकीत आलेल्या दोन मुलांच्या पेल्यांत आपण होऊन पुन्हा ताक ओतिले. तेवीस पेल्यांवर दोन पेले म्हणजे शेकडा किती, आणि ती सूट ताकाची की पैशाची, हा वाद आमचा वर्ग गडाच्या महादरवाजापर्यंत घालीत होता. त्याचे उत्तर आम्ही येथे देत नाही. ते प्रत्येकाने स्वतः काढावे आणि शाळेत आणून दाखवावे.